रिकाम्या गिरणीतला हात

१

हात पहिल्यांदा सुमितला दिसला.

शनिवारची सकाळची शाळा होती. संगणक कक्षाच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत असलं तरी आत संध्याकाळच असायची. नववीची मुलं आपापल्या बातमीपत्राचं संकलन करत बसली होती. कोपऱ्यातल्या यंत्रासमोर बसलेला सुमित एकदम खुर्चीसकट मागे सरकला.

"मॅडम, हात!"

"कुणाचा हात?"

"कुणाचाच न्हाय. नुसता हात."

चैताली गायकवाड त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. ती बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होती. तिथून बाहेर पडल्यावर या शाळेत मुलांना डिजिटल माध्यमं शिकवू लागली. बातमी कितीही भयंकर असली तरी आधी कोण, कुठं, केव्हा विचारायचं, ही तिथली सवय सुटली नव्हती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

वर्गाचा प्रकल्प बंद पडलेल्या कापड गिरणीवर होता. भिंतीवर हिरवं कापड ताणायचं, त्यापुढे बसून बातम्या वाचायच्या. संगणक हिरवं तेवढं पुसून टाकतो आणि त्या जागी हवं ते चित्र बसवतो. मुलांनी गिरणीच्या रिकाम्या शेडचा फोटो बसवला होता.

पडद्यावर तीच शेड होती. ओळीनं उभे लोखंडी खांब, फुटक्या काचा, वरून उतरलेला मळकट उजेड. पुढे एक टेबल आणि रिकामी खुर्ची. बराच वेळ काही झालं नाही. मग कुठूनतरी काच काचेला लागल्यासारखा बारीक आवाज आला, आणि उजवीकडून एक हात आत आला.

कोपरापासून मनगटाच्या अलीकडपर्यंत हात होता. त्यापुढे काही नव्हतं. चार बोटं रुंद पोकळी, आणि तिच्यातून गिरणीचा खांब स्वच्छ दिसत होता. पोकळीच्या पलीकडे पंजा. तो डावा पंजा हवेत तरंगत होता. नखं पिवळी पडलेली.

पंजानं तीन बोटं वर केली. मग दोन. मग एक. आणि मग ते एक बोट सरळ बघणाऱ्याकडे रोखलं.

क्षणभर तसंच. मग आधी हात निघून गेला, मागोमाग पंजा. खुर्ची पुन्हा रिकामी.

सुमित हळूच म्हणाला, "मॅडम, असं तर रुपालीच करायची."

ते खरं होतं. रुपाली वर्गाची कॅमेरावाली. चित्रीकरण सुरू करताना ती तोंडानं बोलायची नाही. तीन, दोन, एक बोटं दाखवायची आणि वाचणाऱ्याकडे बोट करायची, की बोल आता. डावखुरी होती, तेही डाव्याच हातानं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलेलीच नव्हती.

"ती गेली म्हणत्यात," मागून एका मुलीचा आवाज आला.

"कुठं गेली?"

मुलगी मान खाली घालून बोलली. "गेली म्हंजे... गेली, मॅडम."

२

मुख्याध्यापक अभिमन्यू सरांनी ती फीत एकदाच पाहिली आणि खिशातून रुमाल काढला.

"पुसून टाका हे."

"सर, मुलगी कुठं आहे?"

"आत्याकडं गेलीय म्हणतात. ईश्वरप्पांनी घरी चौकशी केली होती. मॅडम, पोरं आत्ताच मैदानात सांगत सुटलीत, की रुपालीचं भूत कॉम्प्युटरात शिरलंय. सोमवारी पालक गेटवर येतील."

"तोपर्यंत ती कुठं आहे ते कळलं तर पालकांना सांगायला काहीतरी असेल. आजचा दिवस द्या मला."

सरांनी रुमालाची घडी घातली. "आजचा. उद्या मला हे त्या मशीनमध्ये दिसायला नको."

चैतालीनं दिवाळीनंतर रुपालीच्या वडिलांना, बिरप्पांना, फोन लावून पाहिला होता. ते चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. फोन कायम बंद. रुपालीची आई गेल्या वर्षी वारली. घरात बापलेक दोघंच. मुलगी जिवंत आहे की नाही, हे ठामपणे सांगेल असं शाळेत कुणीच नव्हतं. चैतालीला भीती वाटली ती हातामुळे नव्हे, यामुळे.

तिनं सुमितला व्हरांड्यात घेतलं.

"हे कधी रेकॉर्ड झालं?"

"काल. मी बातम्या वाचत हुतो, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. बंद करायचं राहिलं."

"राहिलं कसं?"

"खिचडी संपती की मॅडम," सुमित अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. "आमी कुलूप घातलं, चावी ऑफिसात दिली न् पळालो. परत आलो तर कुलूप जसंच्या तसं हुतं."

"आणि हिरवं पुसायच्या आधीचं मूळ चित्र?"

"ते ऱ्हात न्हाय. आपलं सॉफ्टवेअर फुकटातलं हाय. गिरणी बसवलेलंच तेवढं साठवतं."

म्हणजे कुलूपबंद खोली, आणि तिच्यात एक हात. चैताली एकटीच कक्षात परत गेली. कॅमेरा टेबलासमोर काठीवर बसवलेला होता. त्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. वाचताना सुमितची नजर दिव्याकडे जाते म्हणून रुपालीनंच ती दिवाळीआधी लावली होती. वाचताना समोरचा पडदाही मुलं बंद ठेवत. खोलीत कोणी आलं असतं, तर त्याला सगळी यंत्रं झोपलेलीच वाटली असती.

तिनं कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून फीत ऐकली. लांबवर मुलांचा गलका, ताटल्यांचा खणखणाट. कुलूप उघडल्याची खटक. मग ती काचेची बारीक किणकिण, जवळ येत गेलेली. आणि हात निघून गेल्यावर, दाराच्या बाजूनं, एका पुरुषाचा दबका खोकला.

तिनं डोळे उघडले. भुतं जोडीनं येत असतीलही. पण त्यांना खोकला होत नाही.

उठताना तिची नजर कॅमेऱ्याशेजारच्या फळीवर गेली. रुपाली सुट्टीआधी तिची निळी पाण्याची बाटली तिथंच विसरली होती. येईल तेव्हा नेईल म्हणून कुणी हलवली नव्हती. फळीवर धूळ होती. धुळीत एक स्वच्छ गोल होता.

बाटली नव्हती.

३

कार्यालयात ईश्वरप्पा लिपिक टेबलावर वाकून पावत्या लावत होते. चाव्यांची पाटी त्यांच्या खुर्चीमागेच.

"काल जेवणाच्या सुट्टीत कक्षाची चावी कुणी नेली?"

"कुणी न्हाय ओ मॅडम. इथंच होती. मी जागचा हललो न्हाय."

"रुपालीच्या घरी चौकशीला तुम्ही गेला होतात?"

"गेलो होतो की. आत्याकडं हाय म्हणाले."

"कुठली आत्या?"

ईश्वरप्पांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. तो आधीच सारखा होता. "ते कशाला विचारू ओ. घरच्यांचा मामला."

स्वयंपाकाच्या शेडमध्ये बसव्वा खिचडीसाठी कोथिंबीर निवडत होती. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घाईत असली की अर्धं कन्नडमध्ये बोलायची.

"बसव्वामावशी, काल जेवणाच्या वेळी कक्षाकडं कुणी दिसलं?"

"एक माणूस हुता की. उंबऱ्यावर उभा, पाठ माझ्याकडं. डोक्याला टोपी. मला वाटलं वायरमन."

"आणि आत?"

"आत कसं दिसनार? मी पोरांस्नी वाढत हुते." बसव्वानं आवाज खाली आणला. "मॅडम, पोरं म्हनत्यात ते खरं हाय का? तुटका हात?"

"चला, दाखवते."

बसव्वा हातातल्या जुडीसकट मागोमाग आली, पण उंबऱ्याशी थबकली. चैतालीनं यंत्र सुरू केलं. पडद्यावर गिरणीची शेड उमटली, खुर्ची, टेबल. कॅमेरा समोरचं आत्ताचं दृश्य दाखवत होता. बसव्वा बिचकत बिचकत आत आली आणि नकळत हिरव्या कापडापुढे येऊन उभी राहिली. पडद्यावर, गिरणीच्या त्या ओसाड शेडमध्ये, नऊवारीतली बसव्वा उभी राहिली.

तिनं पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

"यव्वा! माझ्या हातात काय न्हाय!"

तिच्या मुठीत कोथिंबिरीची जुडी होती. पडद्यावरच्या बसव्वाच्या मुठीतून मात्र खाली फक्त पांढरी मुळं लोंबत होती. वर पानं असायला हवी होती, तिथं मोकळी हवा आणि लोखंडी खांब.

चैताली पडद्याकडे पाहतच राहिली. आपण स्वतःच मुलांना शिकवलेली गोष्ट आपल्याच डोक्यात शिरायला कोथिंबीर लागावी, याचं तिला हसू आलं नाही. वेळ तेवढा नव्हता.

"मावशी, तो हात तुटलेला नाही," ती म्हणाली. "मनगटाच्या जागी काहीतरी आहे. आणि ते हिरवं आहे."

तिनं फीत लावली. काचेचा बारीक आवाज. पोकळी. पंजा. या खेपेला तिनं पिवळ्या नखांवर चित्र थांबवलं.

"ही मेल्याची नखं वाटली पोरांना. तुम्हाला काय वाटतं?"

बसव्वा जवळ गेली. भीती तिच्या चेहऱ्यावरून उतरली आणि तिथं दुसरंच काही आलं.

"ही हळद हाय," ती म्हणाली. आणि तिचा उजवा हात आपसूक स्वतःच्या डाव्या मनगटाकडे गेला. तिथं नवरा गेल्यापासून काही नव्हतं. "मॅडम... मनगटभर हिरवं. काचेचं. चुडा भरलाय पोरीला."

रुपाली जिवंत होती. आणि तिचं लग्न लागायला फार वेळ उरला नव्हता.

४

अभिमन्यू सरांच्या खोलीत चैतालीनं ईश्वरप्पांना बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "काल जेवणाच्या सुट्टीत रुपाली शाळेत आली. बरोबर तिचे वडील होते. उंबऱ्यावर टोपीवाला उभा होता, आणि फितीत दाराकडून खोकला ऐकू येतो. कुलूप तुटलेलं नाही, म्हणजे ते चावीनं उघडलं. चावी तुमच्या पाठीमागं असते आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. मग ती तुम्हीच दिली."

ईश्वरप्पांची नजर दाराकडे गेली.

"तिनं बाटली न्यायची आहे म्हणून सांगितलं. बाटली खरोखर नेली. पण फळी कॅमेऱ्याच्या या बाजूला आहे. बाटलीसाठी हिरव्या कापडापुढं जायची गरज नव्हती. ती मुद्दाम तिथं गेली. बापाला दारातून काय दिसलं? पोरगी शेवटचं एकदा वर्ग बघतेय, हात हलवतेय. बोलली असती तर त्यानं ऐकलं असतं. चिठ्ठी लिहिली असती तर त्यानं हिसकावली असती. म्हणून तिनं हात पुढं केला. हिरवं पुसलं जातं हे या शाळेत तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मनगट गायब दिसलं की चुडा ओळखू येईल, हा तिचा भरवसा. पहिल्या दिवशी हिरवी रिबीन लावून आलेल्या मुलीला तिनंच हाकललं होतं."

अभिमन्यू सर खुर्चीत पुढे सरकले. "पण ते शाळेत आलेच कशाला?"

"ते ईश्वरप्पा सांगतील. वडील मुलीला घेऊन कार्यालयात एकाच कामासाठी येतात. शाळा सोडल्याचा दाखला."

ईश्वरप्पा आता बसले. खुर्चीवर नाही, दाराशेजारच्या बाकावर.

"सासरचे म्हणत होते, शाळेतून नाव काढा. उद्या कुणी विचारत यायला नको," ते म्हणाले. "बिरप्पा माझ्या गल्लीतला. एकट्याला दाखला दिला असता तर चाललं असतं. मीच म्हटलं, पोरीची सही लागती. तिला घेऊन ये."

"असा नियम नाही."

"न्हाय." ते जमिनीकडे पाहत होते. "म्हटलं, तेवढीच एकदा शाळेत येईल. कुणाला तरी दिसेल. तर तुम्ही सगळे जेवायला. तिनं चावी मागितली, मी दिली. माझ्या तोंडातनं मात्र शब्द फुटला न्हाय ओ. गल्लीत राहायचंय मला."

"आणि आज मला खोटं सांगितलंत."

"काल गप्प बसलो होतो मॅडम. त्याच्यापुढं आज दुसरं काय सांगणार?"

"लग्न कधी आहे?"

"उद्या दुपारी. मोहोळच्या पुढं, पोराच्या गावाला. आज संध्याकाळी निघणार सगळे."

अभिमन्यू सरांनी चष्मा काढला. "मॅडम, शाळेचं नाव यात..."

"सर, ती नववीत आहे," चैताली म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "तिनं बोट माझ्याकडं रोखलंय. बोट रोखलं की गप्प बसायचं नसतं, हे आम्ही वर्गात शिकवलंय."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ईश्वरप्पा, तिच्या जन्मतारखेचा उतारा काढा. दाखला नव्हे. उतारा. मी सही करतो."

चैतालीनं फोन उचलला आणि मुलांच्या हेल्पलाइनचा दहा-नऊ-आठ लावला.

५

रविवारी सकाळी त्या गावच्या मांडवात ध्वनिक्षेपक वाजत होता आणि मोठ्या कढईत आमटी रटरटत होती. ग्रामसेवक, पोलीस, हेल्पलाइनवरची एक बाई आणि चैताली आत शिरले तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पडला. आमटी रटरटतच राहिली.

बराच आरडाओरडा झाला. मुलाच्या मामानं ग्रामसेवकाची कॉलर धरायचा प्रयत्न केला. पोलिसानं जन्मतारखेचा उतारा मोठ्यानं वाचला, तसे वऱ्हाडातले काही शहाणे लोक चपला शोधू लागले.

बिरप्पा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. चैतालीला पाहून ते पुढे आले. राग होता, पण त्याहून जास्त चेहऱ्यावर कोडं होतं.

"मॅडम, तुमाला कुनी सांगितलं? पोरगी एक शब्द बोलली न्हाय. मी दारात हुतो. नजर काढली न्हाय तिच्यावरनं."

"हो. तुम्ही नीट पाहत होता. तरी तुम्हाला दिसलं नाही."

"मी काय तिचा वैरी हाय का? रातपाळीला गेलो की घरात एकटी पोर. आई न्हाय. गल्लीतली टोळकी दारावरनं जात्यात. मी काय करायचं हुतं?"

ते खोकले, तोच दबका खोकला. "दिवसपाळी मागू आपण. मी येते बरोबर," ती म्हणाली. "आता अठराच्या आत लग्न लावणार नाही, या हमीपत्रावर सही करा."

त्यांनी सही केली.

पुढचे काही दिवस चौकशा आणि जबाबांत गेले. मग एका सकाळी रुपाली गणवेशात शाळेच्या फाटकातून आत आली. मैदानातली मुलं बाजूला झाली. ती जिवंत आहे हे ऐकून माहीत होतं, तरी एका लहान मुलीनं तिच्या हाताला हळूच बोट लावून पाहिलं.

चुडा अजून मनगटात होता. बसव्वानं तिला शेडमध्ये बसवलं आणि हाताला साबण लावला.

"फोडू नका, मावशी."

"फोडतीय कशाला? वाईट असतं ते." एकेक बांगडी घसरत आली. बसव्वानं त्या पाण्यात धुऊन पालथ्या ताटलीवर ठेवल्या. "तुझं वय हुतं तवा माझ्या हातात भरल्या हुत्या," ती म्हणाली, आणि परातीकडे वळली.

कक्षात सुमितनं फीत लावून ठेवली होती. "रुपाली, ह्यो हात काढून टाकू? बातमीपत्रात लई भीती वाटतीय त्याची."

"राहू दे." ती पहिल्यांदाच स्वतःचा हात बघत होती. गिरणीच्या खांबांमध्ये तरंगणारा, मनगटाशी नसलेला. तीन, दोन, एक. तिच्या अंगावर काटा आलेला चैतालीला दिसला.

"एक विचारू?" चैताली म्हणाली. "कॅमेरा चालू राहिलाय, हे तुला कसं कळलं?"

रुपालीनं मान हलवली.

"नव्हतं कळलं, मॅडम. पडदा बंद हुता. दिव्यावर पट्टी." तिनं काळ्या पट्टीकडे पाहिलं. "बाबा म्हणाले, चल आता. मला वाटलं, असला चालू तर असला. नसला तर न्हाय."

सुमितचा चेहरा पांढरा पडला होता. खिचडीसाठी पळताना एक कळ दाबायची राहिली नसती, तर काय झालं असतं, याचा हिशोब तो बहुधा मनातल्या मनात करत होता.

रुपाली उठली, कॅमेऱ्यापाशी गेली आणि नखानं काळ्या पट्टीची कड उचकटून ती सोलून काढली. काळोख्या खोलीत लाल दिवा उघडा झाला.

"सुमित, बस खुर्चीवर," ती म्हणाली. "आणि दिव्याकडं बघायचं न्हाय."

तिनं डावा हात वर केला.